खोटा हल्ला, खरं पाणी

२८ डिसेंबर २०१५ च्या सकाळी सिंगापूरमधल्या एका जलशुद्धीकरण प्लांटवर हल्ले सुरू झाले. पहिला हल्ला अगदीच साधा होता. कच्च्या पाण्याच्या टाकीत पाणी सोडणारा एमव्ही-१०१ हा व्हॉल्व्ह बंद असायला हवा होता. टाकी भरून वाहावी म्हणून तो उघडण्यात आला. मग पंपांची पाळी आली, पातळी मोजणाऱ्या ट्रान्समीटरची आली, पुढच्या टप्प्यांतल्या उपकरणांची आली. २ जानेवारीपर्यंत असे ३६ हल्ले झाले. तक्रार कुणी केली नाही, कारण हल्लेखोर आणि प्लांटचे मालक एकच होते.

या प्लांटचं नाव 'स्वॉट', म्हणजे 'सिक्युअर वॉटर ट्रीटमेंट'. सिंगापूर युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी अँड डिझाइनमधल्या 'आयट्रस्ट' या संशोधन केंद्राने तो उभारला, आणि उभारला तोच हल्ले सोसण्यासाठी. मिनिटाला पाच गॅलन शुद्ध पाणी देणारा हा लहानसा प्लांट कुठल्याही शहराची तहान भागवत नाही. पण त्याचे सहा टप्पे खऱ्या प्लांटसारखे आहेत : कच्चं पाणी, रसायनांचं डोसिंग, अल्ट्राफिल्ट्रेशन, क्लोरिन काढणं, आरओ आणि शेवटी बॅकवॉश. पीएलसी खरे, पंप खरे, पाणीही खरं. ५१ सेन्सर आणि ॲक्चुएटरांची नोंद अकरा दिवस दर सेकंदाला होत राहिली. आधीचे दिवस नेहमीच्या चालण्याचे, नंतरचे हल्ल्यांचे. हातात आल्या सुमारे साडेनऊ लाख ओळी. औद्योगिक यंत्रणांमधली विसंगती ओळखण्यावर गेल्या दशकात जे शोधनिबंध लिहिले गेले, त्यांतल्या कितीतरी निबंधांचा पाया या ओळी आहेत.

पुढच्या प्रकरणांत मॉडेलं येतील, समीकरणं येतील, कोडही येईल. त्याआधी हा खटाटोप मुळात का करायचा, आणि तो कुठे फसतो, याविषयी चार गोष्टी सांगणं हे प्रस्तावनेचं काम.

कारण सरळ आहे. खरे हल्ले थोडे, आणि जे झाले त्यांचा अभ्यासाजोगा डेटा जवळजवळ नाहीच. २००० साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात, मरूची परिसरात, सांडपाण्याचे पंप अचानक वेड्यासारखे वागू लागले. नवी यंत्रणा नुकतीच बसवली होती, त्यामुळे सुरुवातीला तंत्रज्ञांनी तिच्यातच दोष शोधला. खरं तर कंत्राटदार कंपनीचा एक माजी कर्मचारी लॅपटॉप आणि रेडिओ संच घेऊन पंपिंग स्टेशनांना हुकूम सोडत होता. सुमारे आठ लाख लिटर मैलापाणी बागांत आणि ओढ्यांत गेलं. खटल्याची कागदपत्रं आज वाचायला मिळतात. पंपांची सेकंदासेकंदाची नोंद मिळत नाही. इराणमधल्या नतान्झच्या सेंट्रिफ्यूजांचा वेग बिघडवणारं स्टक्सनेट २०१० मध्ये उघडकीला आलं. त्याच्या कोडचा कीस काढला गेला, पण त्या सेंट्रिफ्यूजांची मोजमापं इराण कशाला देईल? २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधल्या तीन वीज वितरण कंपन्यांचे ब्रेकर दुरून उघडले गेले आणि सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा माउस आपोआप फिरत होता. योगायोग असा, की त्याच दिवशी सिंगापूरमध्ये 'सगळं सुरळीत' या सदराखालची नोंद चालू होती.

डेटा नसला की काय होतं, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढच्या मार्चमध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हेच कारण असल्याचं सांगितलं. दोघांपैकी बरोबर कोण, यात मला शिरायचं नाही. फ्लोरिडातल्या ओल्ड्समार गावाची गोष्टही याच जातीची. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या पाण्यातल्या सोडियम हायड्रॉक्साइडचा सेटपॉइंट १०० वरून ११,१०० पीपीएमवर नेला गेला आणि जगभर 'पाण्यात विष' अशा बातम्या झळकल्या; दोन वर्षांनी शहराचे माजी व्यवस्थापकच म्हणाले की ती कर्मचाऱ्याची चूक होती. अमुक क्षणी यंत्रणा चुकली, बिघडली की कुणी बिघडवली, हे सांगायला त्या क्षणाचा डेटा लागतोच. पण त्याच्या जोडीला 'अशी चूक कशी दिसते, असा बिघाड कसा दिसतो, असा हल्ला कसा दिसतो' याचे नमुनेही लागतात. चुकांचे आणि बिघाडांचे नमुने प्लांट स्वतःहून पुरवतो. हल्ल्याचे नमुने तयार करावे लागतात.

ते तयार कसे करायचे हे कळण्यासाठी नियंत्रण म्हणजे काय ते थोडं पाहू. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट आठवा : पाणी चढलं की फ्लोट चढतो आणि आवक बंद करतो. मोजणं, ठरवणं, करणं ही तिन्ही कामं तिथे एकाच दांडीत आहेत. कारखान्यात ती वेगळी होतात. ट्रान्समीटर मोजतो, पीएलसी ठरवतो, व्हॉल्व्ह किंवा पंप करतो, आणि मध्ये नेटवर्क असतं. फ्लोटशी खोटं बोलायचं तर टाकीत हात घालावा लागेल. पीएलसीशी खोटं बोलायला नेटवर्कवर पोहोचलं तरी पुरतं. अजून हजारो प्लांटमध्ये चालणारा मॉडबस हा प्रोटोकॉल मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणला. हुकूम कोण देतंय, हे विचारण्याची सोय त्यात नाही. त्या काळी तशी गरजही नव्हती. तार कंट्रोल रूममधून निघायची आणि पॅनेलमध्ये संपायची.

म्हणून हल्ल्याचा खरा घाव पॅकेटवर नसतो, प्रक्रियेवर असतो. स्वॉटवरचा तिसरा हल्ला मला या विषयाचा उत्तम धडा वाटतो. त्यात एलआयटी-१०१ या पातळीच्या ट्रान्समीटरचं वाचन दर सेकंदाला एक मिलिमीटरने वाढवत नेलं. एवढंच. कुठलाही अलार्म वाजण्याजोगी उडी त्यात नाही. पीएलसीला वाटतं टाकी भरत आली, तो आवक बंद करतो. पंप मात्र पुढच्या टप्प्यासाठी उपसतच राहतो. कागदावर टाकी भरलेली, प्रत्यक्षात कोरडी पडत चाललेली, आणि थोड्या वेळाने पंप कोरडा फिरायला लागणार. पंप कोरडा फिरला तर काय होतं, हे मेंटेनन्सवाल्यांना विचारा.

हा हल्ला पकडायचा कसा? एकट्या एलआयटी-१०१ कडे पाहून नाही. मिलिमीटर-मिलिमीटरने चढणारी पातळी म्हणजे तर भरणारी टाकी. पण शेजारचा फ्लोमीटर सांगतो की आवक शून्य आहे आणि पंप चालू आहे. आवक नसताना, उपसा चालू असताना पातळी चढते कशी? येणारं वजा जाणारं म्हणजे साठा, हा हिशेब शाळेतल्या मुलालाही येतो. आकडा बदलता येतो, टाकीतलं पाणी बदलता येत नाही, आणि या फटीत बोट घालूनच विसंगती शोधणारी पद्धत उभी राहते. स्वॉटच्या संशोधकांनी असे हिशेब प्रत्येक टप्प्यासाठी लिहून काढले आणि ते थेट पीएलसीशेजारी तपासायला बसवले.

हल्लेखोर हुशार असेल तर तो फ्लोमीटरलाही खोटं बोलायला लावेल. मग पुढच्या टप्प्यातली टाकी त्याला खोटं पाडेल. म्हणजे त्याला तिथेही हात घालावा लागेल. खोटं सुसंगत ठेवायचं तर ते पसरत जातं, आणि पसरलेलं खोटं सांभाळणं महाग पडतं. स्टक्सनेटने यावर वेगळा तोडगा काढला होता. त्याच्या एका भागाने आधी सुरळीत चालणाऱ्या प्रक्रियेची २१ सेकंदांची मोजमापं टिपून घेतली आणि हल्ला चालू असताना तीच पुन्हा पुन्हा दाखवली. असं जुनं वाचन नव्याने दाखवणाऱ्या हल्ल्याविरुद्ध यिलिन मो आणि ब्रुनो सिनोपोली यांनी २००९ मध्ये एक युक्ती सुचवली : नियंत्रकाच्या हुकमात मुद्दाम थोडा रँडम गोंगाट मिसळायचा. प्रक्रिया खरी असेल तर त्या गोंगाटाची सावली मोजमापांत उमटते. जुनी टेप लावली असेल तर उमटत नाही. किंमत म्हणून नियंत्रण जरासं खडबडीत होतं. प्रॉडक्शन मॅनेजरला ही किंमत पटवणं हा निराळा विषय, आणि गणितापेक्षा अवघड.

हल्ल्यांची तालीम करायला प्रत्येकाला स्वॉट परवडत नाही, लागतही नाही. सगळ्यात स्वस्त वाट संगणकातल्या प्लांटची. ईस्टमन केमिकल कंपनीच्या डाउन्स आणि वोगेल या दोघांनी १९९३ मध्ये आपल्या एका खऱ्या प्रक्रियेचं मॉडेल प्रसिद्ध केलं. रसायनांची नावं लपवून त्यांना ए ते एच अशी अक्षरं दिली. ४१ मोजमापं, १२ व्हॉल्व्ह आणि हलवता येणाऱ्या इतर गोष्टी, २० ठरावीक व्यत्यय. हेतू होता नियंत्रणाच्या पद्धती तपासण्याचा. 'टेनेसी ईस्टमन' या नावाने ते मॉडेल आजही चालतं, आणि हल्ल्यांच्या संशोधकांनी ते आयतंच उचललं. २०११ मध्ये अल्वारो कार्डेनास आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या सेन्सरना खोटं बोलायला लावून रिॲक्टरचा दाब ३००० किलोपास्कलच्या सुरक्षा मर्यादेपलीकडे जातो का ते पाहिलं. कुठल्या सेन्सरवर हल्ला केला त्याप्रमाणे परिणाम पार बदलत होता, कारण काही लूप बरंच खोटं पचवतात. प्लांट न ओळखता केलेला हल्ला बहुधा फुसका निघतो, हे हल्लेखोराला जितकं लागू आहे तितकंच संशोधकालाही. डेटाच्या एखाद्या स्तंभात अधूनमधून मोठे आकडे घुसवून 'हल्ला' म्हणणारे निबंध मी वाचले आहेत. त्यांना मी हल्ला म्हणत नाही, छपाईची चूक म्हणतो.

दुसरी वाट अर्धी संगणकातली, अर्धी खरी : पीएलसी खरे आणि प्रक्रिया मॉडेलमधली, किंवा दोन्ही आभासी पण मधलं नेटवर्क खरं. पाणीवाटपासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं 'ईपानेट' हे मोफत सॉफ्टवेअर आपल्याकडच्या सिव्हिलच्या विद्यार्थ्यांनाही माहीत आहे. त्यावर 'सी-टाउन' नावाच्या नेटवर्कमध्ये, सात टाक्या, अकरा पंप आणि नऊ पीएलसींमध्ये, हल्ले पेरून २०१६-१७ मध्ये 'बॅटाडाल' ही स्पर्धा भरवण्यात आली. न्यूरल नेटवर्कवाले होते, संख्याशास्त्रवाले होते. पहिले आले ते हैफा विद्यापीठाचे हाउश आणि ओहार, आणि त्यांनी केलं काय, तर ईपानेटचंच मॉडेल चालवून 'पाणी असं वागायला हवं होतं' आणि 'पाणी असं वागलं' यांतला फरक पाहिला. डीप लर्निंगच्या वाऱ्यात हा निकाल पुरेसा लक्षात राहिला नाही, असं माझं मत आहे.

या उतरंडीच्या दुसऱ्या टोकाला खरोखरची मोडतोड. मार्च २००७ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीने सव्वादोन मेगावॉटचा, २७ टनांचा डिझेल जनरेटर मुद्दाम बळी दिला. ब्रेकर चुकीच्या क्षणी उघडझाप करत राहिला, जनरेटर हादरला, त्याचे तुकडे उडाले, धूर निघाला. तो व्हिडिओ पाहिल्यावर 'कोडने लोखंड मोडत नाही' म्हणणारे गप्प झाले. पण असा प्रयोग एकदाच होतो, आणि विसंगती शोधणाऱ्याला नमुने हवेत अनेक.

आता जिथे सगळ्यात जास्त घोळ होतो तिकडे वळतो. हल्ला तयार करणं तितकं अवघड नाही. अवघड आहे 'नेहमीचं' पकडणं. प्लांट कधीच एका लयीत चालत नाही. फिल्टरचा बॅकवॉश होतो, पंप दुरुस्तीला निघतो, ट्रान्समीटर कॅलिब्रेशनला उतरतो, शिफ्ट बदलली की नवा ऑपरेटर लूप मॅन्युअलवर घेतो, पावसाळ्यात कच्च्या पाण्याचा गढूळपणा वाढतो. यांतलं प्रत्येक कृत्य, नुसते आकडे पाहणाऱ्या मॉडेलला, हल्ल्यासारखंच दिसतं. प्रयोगशाळेतला प्लांटही याला अपवाद नाही : स्वॉटमधल्या काही सेन्सरचं वागणं हल्ल्यांच्या दिवसांत, हल्ला चालू नसतानासुद्धा, आधीच्या दिवसांपेक्षा वेगळं आहे. अशा सेन्सरकडे बघून मॉडेल 'विसंगती' ओरडत असेल तर ते हल्ला ओळखतंय की तारीख?

दुसरी गोष्ट प्रमाणाची. स्वॉटच्या हल्ल्यांच्या भागात सुमारे १२ टक्के सेकंद हल्ल्याचे आहेत. संशोधनाला ते सोयीचं आहे, पण असा प्लांट जगात कुठे नाही. खऱ्या प्लांटमध्ये वर्षानुवर्षं हल्ला होत नाही. समजा, तुमचं मॉडेल हजारात एकदाच खोटी हाक देतं. ऐकायला छान. पण दर सेकंदाला तपासायचं तर दिवसाला ८६,४०० तपासण्या, म्हणजे ८६ खोटे अलार्म, रोज. आठ तासांच्या शिफ्टमध्ये अठ्ठावीस-एकोणतीस. दुसऱ्या आठवड्यात ऑपरेटर तो अलार्म म्यूट करेल आणि त्याला दोष देता येणार नाही. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या कुणालाही हे समजतं. निबंधांच्या तक्त्यांत मात्र ते दिसत नाही.

तक्त्यांचाही एक गमतीचा हिशेब आहे. या क्षेत्रात गुण मोजण्याची एक रीत रूढ झाली : हल्ला अर्धा तास चालला आणि मॉडेलने त्यातला एक सेकंद जरी बरोबर पकडला, तरी सगळा अर्धा तास पकडला असं धरायचं. विचार अगदीच वेडा नाही; ऑपरेटरला एकदा कळलं की पुरतं. पण २०२२ मध्ये कोरियन संशोधकांच्या एका गटाने दाखवून दिलं की या रीतीने मोजलं तर निव्वळ रँडम आकडे फेकणारं 'मॉडेल'सुद्धा नावाजलेल्या मॉडेलांच्या तोडीचे गुण मिळवतं. लांब हल्ल्यात कुठेतरी एखादा नेम लागणारच. त्यामुळे वाचकहो, ०.९५ असा गुण कुठे दिसला तर आधी तो कसा मोजला ते पाहा, आणि मग पहिली खोटी हाक किती वेळाने आली, खरा हल्ला किती सेकंदांनी कळला, तोवर टाकीचं काय झालं, हे विचारा. हे तीन आकडे दिले नसतील तर निबंध बाजूला ठेवायला हरकत नाही.

हल्ल्यांच्या पाककृती अशा उघड छापाव्यात का, हा आक्षेपही ओघाने येतो. माझं उत्तर मर्यादित होकाराचं आहे. खोटी पातळी दाखवली की पंप कोरडा पडतो, हे ज्याला नव्याने कळतंय त्याच्यापासून प्लांटला धोका नाही. धोका आहे तो विशिष्ट प्लांटचे पत्ते, टॅग आणि इंटरलॉकच्या मर्यादा उघड करण्यात. त्या छापू नयेत. आणि चालू प्लांटवर, कितीही परवानग्या असल्या तरी, हल्ल्याचा प्रयोग करू नये. तालीम आखाड्यात करावी, रस्त्यावर नाही.

आपल्याकडे असे आखाडे आता उभे राहत आहेत. आयआयटी कानपूरच्या सीथ्रीआय हबने वीज आणि पाण्याचे टेस्टबेड बांधले आहेत. कमतरता आहे ती नेहमीच्या, कंटाळवाण्या, महिनोन् महिन्यांच्या खऱ्या डेटाची. तो आहे, पण हिस्टॉरियनच्या सर्व्हरमध्ये पडून आहे आणि जागा भरली की पुसला जातो. त्याच्या शेजारी असायला हवी ती माहिती, म्हणजे बॅकवॉश कधी झाला, कुठला लूप मॅन्युअलवर होता, कुठला ट्रान्समीटर त्या दिवशी भलतंच दाखवत होता, ती शिफ्टच्या लॉगबुकात निळ्या शाईत लिहिलेली असते. दोन्ही एकत्र केल्याशिवाय पुढच्या प्रकरणांतलं एकही मॉडेल आपल्या प्लांटवर चालणार नाही.

म्हणून ही प्रस्तावना वाचणाऱ्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या माणसांना माझी विनंती आहे. डाउन्स आणि वोगेल यांनी तीस वर्षांपूर्वी केलं तसं करा : नावं काढा, टॅग बदला, एकक हवं तर लपवा, वरिष्ठांची लेखी परवानगी घ्या, आणि वर्षभराचा डेटा लॉगबुकातल्या नोंदींसह जवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजला द्या. सगळा प्लांट देता येत नसेल तर एक टाकी, दोन पंप आणि एक फ्लोमीटर एवढ्यापासून सुरुवात केली तरी चालेल.